खिडकी गळते म्हणजे नक्की कुठून? डोंबिवलीतल्या एका हॉलचं प्रकरण

इमारत डोंबिवली पूर्वेची, 1989 ची, चार मजली. घर तिसऱ्या मजल्यावर. हॉलची खिडकी सहा फूट रुंद, चार फूट उंच, तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे पावसाळी वारा जिथून येतो बरोबर त्याच बाजूला. घरात काका-काकू दोघंच. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. 2022 च्या मार्चमध्ये त्यांनी घराचं नूतनीकरण काढलं आणि देखरेख माझ्याकडे दिली. हे आधीच सांगतो, कारण पुढे ज्या चुका येतील त्यातल्या दोन माझ्या आहेत.

जुनी खिडकी सागवानी होती, बाहेर उघडणाऱ्या झडपांची. बिजागऱ्या गंजलेल्या, खालची आडवी पट्टी कुजलेली. पण तेहतीस वर्षांत एकदाही घरात पाणी आलं नाही, हे काकूंनी मला काम सुरू व्हायच्या आधी सांगितलं होतं. तेव्हा मी मान डोलावली. खरं म्हणजे तिथेच थांबून "का आलं नाही?" असं विचारायला हवं होतं.

ती काढून अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायची ठरली. 27 मिलिमीटरचा सेक्शन, म्हणजे फ्रेमची अॅल्युमिनियमची पट्टी, तीन ट्रॅक, दोन काचांचे आणि एक मच्छरजाळीचा. जुनी खिडकी नऊ इंची भिंतीच्या मधोमध होती. काकूंना आतून रुंद कट्टा हवा होता, कुंड्या ठेवायला आणि पाय वर घेऊन पेपर वाचायला. म्हणून नवी खिडकी बाहेरच्या कडेशी सरकवली. कट्ट्याला ग्रॅनाइटची एकच अखंड पट्टी, आतून थेट बाहेरपर्यंत. दिसायला फार देखणी. कामाचा क्रम असा झाला: गवंड्याने चारही बाजूंनी ग्रॅनाइट लावलं, मग फॅब्रिकेटर, म्हणजे अॅल्युमिनियमची खिडकी बनवणारा, माप घेऊन गेला, आठ दिवसांनी फ्रेम आली, स्क्रू मारून बसली, कडेने सिलिकॉन ओढलं, मागून रंगारी आला आणि आतली फट पीओपीने भरून त्याने वर रंग मारला. एप्रिलअखेर काकूंनी कट्ट्यावर तुळस ठेवली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. डाव्या कोपऱ्यात कट्ट्यावर पाणी.

पहिल्यांदा फॅब्रिकेटरचा मुलगा आला आणि बाहेरून सिलिकॉनची एक नळी रिकामी करून गेला. चार दिवसांनी पुन्हा पाणी. दुसऱ्यांदा त्याने आतूनही ओढलं. पुन्हा पाणी, आणि या वेळी कट्ट्याखालच्या भिंतीवर पुट्टीचे पापुद्रे. तिसऱ्यांदा ट्रॅकच्या खालच्या बाहेरच्या कडेला बोटभर जाड थर दिला. त्यानंतर पाणी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. आपण इतकं बंद करतोय आणि हे जास्तच येतंय, हे कुणालाच उलगडेना. ग्रॅनाइटवाला म्हणे फ्रेम वाकडी आहे, फॅब्रिकेटर म्हणे ग्रॅनाइट वाकडं आहे, रंगारी म्हणे मी तर फक्त रंग मारला. काका म्हणाले, "गळतंय ते कुणाचंच नाही, घर मात्र आमचं." या प्रकरणातलं सगळ्यात अचूक निदान तेच होतं, पण ते कळायला मला ऑगस्ट उजाडावा लागला.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी गेलो तेव्हा काकूंनी एक शंभरपानी वही पुढे केली. शिक्षिकेची वही, समास आखलेला. प्रत्येक पावसाची नोंद: तारीख, वेळ, पाऊस सरळ की तिरका, वारा किती, पाणी कुठे. वाऱ्याला त्यांची स्वतःची मोजपट्टी होती: "पडदा हलतो", "समोरचा नारळ वाकतो", "दार आपटतं". वही वाचायला मला वीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात निम्मं काम झालं. रात्रभर सरळ कोसळलेल्या पावसात एकही थेंब आत आला नव्हता. दुपारच्या अर्ध्या तासाच्या सरीत, नारळ वाकत असताना, कट्ट्यावर टिपकागद टाकून पाणी पुसावं लागलं होतं. जागा जवळपास नेहमी डावा खालचा कोपरा. फक्त चार नोंदी वेगळ्या होत्या: उजवीकडे वर ओलसर डाग, तोही पाऊस थांबल्यावर पाच-सहा तासांनी. म्हणजे गळती एक नव्हती, दोन होत्या. खालची वाऱ्याने येणारी, वरची भिंतीतून झिरपत येणारी.

वाऱ्याचा आणि पाण्याचा हिशोब इथे मांडतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचं काहीच पटत नाही. वारा भिंतीवर आपटला की दाब तयार होतो. आपल्याकडच्या मानकात तो काढायचं सूत्र साधं आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, 0.6 ने गुणायचं, उत्तर पास्कलमध्ये. ताशी 54 किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला 15 मीटर, म्हणजे 135 पास्कल. ऐकायला किरकोळ. पण 135 पास्कल म्हणजे सुमारे 14 मिलिमीटर उंचीचं पाणी. बाहेरचा वारा ट्रॅकमधलं पाणी आतल्या बाजूला 14 मिलिमीटर वर ढकलून धरू शकतो. झोत ताशी 72 चा झाला तर 240 पास्कल, म्हणजे साडेचोवीस मिलिमीटर. वेग सव्वापट-दीडपट होतो, पाणी त्यापेक्षा बरंच जास्त चढतं. मी पट्टी लावून ट्रॅकची आतली उभी कड मोजली. 22 मिलिमीटर.

सरकत्या खिडकीत पाणी शिरतंच. दोन शटर, म्हणजे काचेची सरकती दारं, एकमेकांवरून सरकायची तर मध्ये फट हवी, आणि त्या फटीत ब्रशची पट्टी असते, ती वारा आणि धूळ अडवते, पाणी नाही. म्हणून ट्रॅक हा मुळात पन्हळच असतो. त्यात आलेलं पाणी बाहेर जायला बाहेरच्या कडेला भोकं ठेवलेली असतात, कारागीर त्यांना वीप होल म्हणतात. झोत आला की पाणी चढतं, झोत ओसरला की भोकांतून बाहेर पळतं. अट एकच, भोकं उघडी हवीत. आणि आमच्या फॅब्रिकेटरच्या मुलाने तिसऱ्या खेपेला बोटभर जाड सिलिकॉन ओढलं होतं ते नेमकं त्यांच्यावर.

तरी नुसत्या तर्कावर ग्रॅनाइट फोडायचं नाही, हा धडा मी पूर्वी एका बाथरूममध्ये महागात शिकलोय. म्हणून पाण्याची चाचणी केली. नियम असा की खालून सुरुवात करायची आणि पायरी पायरीने वर जायचं. वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकी वाट कळत नाही. आधी कट्ट्याच्या बाहेरच्या टोकाखाली, भिंतीवर पाइपने हलकं पाणी पंधरा मिनिटं. आत कोरडं. मग ट्रॅक. काकूंकडे कपड्यांना द्यायची नीळ होती. दोन लिटर पाण्यात ती कालवली आणि तांब्याने सावकाश ट्रॅकमध्ये ओतली. पाणी बाहेर जायला हवं होतं, पण एक थेंबही गेला नाही. निळं तळं तसंच उभं राहिलं आणि हळूहळू डावीकडे सरकू लागलं. लेव्हल पाइप लावून पाहिलं तर सहा फुटांत डावी बाजू तीन मिलिमीटर खाली. सातव्या मिनिटाला कट्ट्यावर, फ्रेमच्या आतल्या कडेशी, डाव्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर एक निळा टिपका उमटला. मग दुसरा, अगदी कोपऱ्यात. काकू चष्मा सावरून वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे, लिटमस!"

पहिला टिपका स्क्रूच्या जागी होता. फ्रेम बसवताना ट्रॅकच्या तळातून थेट ग्रॅनाइटमध्ये चार स्क्रू मारले होते. पन्हळीच्या बुडाला आपणच चार भोकं पाडायची आणि मग कडेने सिलिकॉन लावत बसायचं, असा तो प्रकार. दुसरा टिपका ट्रॅकच्या कोपऱ्यातल्या जोडाचा. आडवा आणि उभा सेक्शन जिथे भेटतात तिथे आतून सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचिक मसाला, भरावं लागतं, ते भरलेलं नव्हतं. स्क्रूच्या भोकातून खाली उतरलेलं पाणी फ्रेम आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये पसरत होतं. ग्रॅनाइटची पट्टी अखंड आणि सपाट, नव्हे, पाणसळीने पाहिलं तर दोन मिलिमीटर आतल्या बाजूलाच उतरती. पाण्याला दुसरी वाटच नव्हती. ते मुकाट काकूंच्या तुळशीकडे येत होतं.

आता जुनी खिडकी का गळत नव्हती ते बघा. झडपा बाहेर उघडणाऱ्या, म्हणजे वारा जितका जोरात तितक्या त्या चौकटीच्या खाचेत घट्ट दाबल्या जायच्या. सरकत्या खिडकीचं उलट असतं, वाऱ्याने शटर आपल्या फटीत हलतं. जुन्या चौकटीची खालची पट्टी बाहेर उतरती, तिच्या आत अर्ध्या इंचाची पायरी. आणि खिडकी भिंतीच्या मधोमध असल्यामुळे तिच्यापुढे चार इंच आडोसा. तो मी घालवला, कट्टा मोठा व्हावा म्हणून. छज्जा दीड फुटाचा आहे, पण पाऊस पंचेचाळीस अंशात आला तर तो खिडकीचा वरचा दीड फूटच झाकतो. उरलेले अडीच फूट उघडे. जुन्या सुताराने हा हिशोब कागदावर मांडला नसेल, पण त्याच्या हाताला तो माहीत होता.

सिलिकॉनबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आपल्याकडे त्याच्यावर फार भाबडा विश्वास आहे. मी उजव्या बाजूची पट्टी नखाने उचलली तर ती हातभर लांब, अखंड, शेवईसारखी निघून आली. तिच्या पाठीवर सिमेंटची राखाडी धूळ एकसारखी चिकटलेली. म्हणजे ते सिलिकॉन भिंतीला कधी लागलंच नव्हतं, धुळीला लागलं होतं. त्यावर नंतर दिलेले दोन थर तर निव्वळ शोभेचे, कारण जुन्या सुकलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन भरवशाने धरत नाही. शिवाय ते थर लावले पावसाळ्यात, ओल्या भिंतीवर. आणि वासावरून कळत होतं की स्वस्तातलं, व्हिनेगरचा दर्प येणारं. काच आणि अॅल्युमिनियमला ते ठीक. पण सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि सिमेंट, प्लास्टर, संगमरवर ही मंडळी आम्लाशी पटवून घेत नाहीत. भिंतीशी गाठ असेल तिथे न्यूट्रल क्युअरच घ्यावं, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं. नळीवर तसं लिहिलेलं असतं, आणि भावातला फरक एका खिडकीमागे काही शे रुपयांपेक्षा जास्त नसतो.

उजवीकडे आणखी एक गंमत. ग्रॅनाइटची चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात नव्हती. माप वरच्या बाजूला घेतलं, खाली भोक बारा मिलिमीटर जास्त रुंद निघालं. ती फट पीओपीने भरली गेली. पीओपी म्हणजे जिप्सम, पाणी पिऊन मऊ होणारं. फ्रेम आणि भिंत यांच्यातली फट ग्रॅनाइटवाल्याच्या बिलात नव्हती, फॅब्रिकेटरच्या नव्हती आणि रंगाऱ्याच्याही नव्हती. माझ्या कागदावर ती असायला हवी होती. मी खिडकीचा आडवा छेद काढून दिलाच नव्हता, फक्त "सहा बाय चार, तीन ट्रॅक" एवढं लिहून दिलं होतं.

ऑगस्टमध्ये एवढंच केलं: वीप होलवरचं सिलिकॉन कापून काढलं, भोकं मोकळी केली, ट्रॅकच्या आत स्क्रूच्या डोक्यांवर आणि कोपऱ्यांत, पाऊस उघडलेल्या दोन दिवसांत कोरडं करून, न्यूट्रल सीलंट भरलं. गळती एकदम नव्वद टक्के थांबली असं काका म्हणाले. काकूंच्या वहीत उरलेल्या पावसाळ्यात तीन नोंदी आहेत. खरं काम नोव्हेंबरसाठी ठेवलं.

नोव्हेंबरमध्ये बाहेरून परांची बांधली. शटर काढली, फ्रेम न वाकवता सोडवली, ग्रॅनाइटचा कट्टा मात्र फुटला. नवा कट्टा दोन तुकड्यांत केला. आतला तुकडा वीस मिलिमीटर वर, बाहेरचा खाली, आणि बाहेरच्याला दहा मिलिमीटरचा ढाळ. आमचे गवंडी अण्णा साठीचे आहेत, ते ढाळ पाणसळीने मोजत नाहीत, ओल्या हाताने चार थेंब टाकून बघतात. बाहेरचा तुकडा प्लास्टरच्या पुढे चाळीस मिलिमीटर काढला आणि त्याच्या पोटाला, कडेपासून पंधरा मिलिमीटर आत, कटरने दहा मिलिमीटर रुंद खाच मारली. ही खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे सरकतं. खाच लागली की तिथेच थेंब होऊन पडतं. ती मारायला एका माणसाला वीस मिनिटं लागतात, आणि दहातल्या नऊ खिडक्यांना ती नसते. डोंबिवलीच्या कुठल्याही गल्लीत मान वर करून बघा, खिडक्यांखाली मिशांसारखे काळे ओघळ दिसतील.

दगडाखाली सिमेंटमध्ये मिसळायच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, दोन्ही बाजूंच्या भिंतीवर वीतभर चढवून आणि आतल्या पायरीवरही. दोन्ही टोकं दोन-दोन इंच भिंतीत घातली. खिडकी पुन्हा मधोमध घेण्याचा प्रस्ताव मी मांडला, काकूंनी तो फेटाळला. "कट्टा माझा आहे, तडजोड कर." तडजोड अशी झाली की फ्रेम बाहेरच्या कडेपासून दोन इंच आत आली आणि कुंड्यांची एक रांग कमी झाली.

फ्रेम बसवताना तळातून एकही स्क्रू मारला नाही. जुनी चार भोकं बुजवली. स्क्रू फक्त उभ्या बाजूंना आणि वर, कोपऱ्यापासून वीतभर सोडून, दोन फुटांच्या आतल्या अंतराने. तळाची आतली कड नव्या पायरीला टेकवली आणि वरून अॅल्युमिनियमची एल पट्टी लावली. ती फ्रेमला धरते आणि आतून सांधाही झाकते. चारही बाजूंना सहा मिलिमीटर फट मुद्दाम ठेवली. यावर अण्णा नाराज होते, त्यांना फट म्हणजे कामातली उणीव वाटते. पण नैर्ऋत्येच्या उन्हात अॅल्युमिनियम तापतं, फुगतं. सहा फुटांची पट्टी पस्तीस अंशांच्या फरकाला जवळजवळ दीड मिलिमीटर लांबते. तिला जागा नाही दिली तर ती सीलंट फाडून जागा करून घेते. त्या फटीत आधी फोमची गोल दोरी खुपसली, बॅकर रॉड म्हणतात तो, आठ मिलिमीटरचा, आणि वर सीलंट. दोरीचं काम दुहेरी. सीलंट खोल वाया जात नाही, आणि ते फक्त दोन बाजूंना चिकटतं, बुडाला नाही. तीन बाजूंना चिकटलेलं सीलंट ताणता येत नाही, कुठूनतरी सुटतं. फट दहा-बारा मिलिमीटरची असेल तर सीलंटची खोली तिच्या निम्मी ठेवतात. सहाच्या फटीला मात्र सहाच. भरण्यापूर्वी ब्रश, मग कोरडं फडकं, दोन्ही कडांना मास्किंग टेप. टेप सीलंट ओलं असतानाच काढायची, हे फॅब्रिकेटरच्या मुलाला तीन वेळा सांगावं लागलं.

प्रत्येक ट्रॅकला तीन वीप होल, लांबट, पंचवीस बाय पाच. आतल्या ट्रॅकची भोकं बाहेरच्यांच्या समोरासमोर नाहीत, सरकवून पाडलेली, म्हणजे वारा एका दमात आरपार येत नाही. बाहेर प्लास्टिकच्या छोट्या झापा.

वरच्या, उशिरा उमटणाऱ्या डागाचं कारण अगदीच साधं निघालं. बॉक्स ग्रिल अडकवायला छज्ज्याखाली भिंतीत मारलेल्या फास्टनरपैकी, म्हणजे बोल्टपैकी, दोघांची भोकं उघडी होती. पाणी तिथून प्लास्टरच्या मागे शिरून पाच-सहा तासांनी आत पोचायचं. फास्टनर काढून, भोकं धुऊन, सीलंट भरून परत कसले. इतकंच.

आतल्या पट्ट्यांची घाई केली नाही. भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवला, दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं, म्हणजे भिंत अजून ओलीच. पुन्हा पंधरा दिवसांनी, पुन्हा दव. फेब्रुवारीत कोरडा निघाला तेव्हा पुट्टी मारली आणि जुन्या खिडकीच्या झडपांतून निघालेल्या सागवानाच्या पट्ट्या कडेने लावल्या, मागच्या बाजूलाही प्रायमर देऊन. पट्टी आणि भिंत यांच्या सांध्यात सिलिकॉन भरलं नाही, त्यावर रंग बसत नाही. तिथे रंगवता येणारं अॅक्रिलिक सीलंट.

2023 च्या जुलैमध्ये, एका दुपारी साडेचारला, काकूंचा फोन. मागे वाऱ्याचा आवाज. "अरे, खिडकी उकळतेय."

मी विचारलं, कट्टा ओला आहे का. नाही म्हणाल्या. ट्रॅकमध्ये पाणी साठलंय, त्यात बुडबुडे येतायत, गुळगुळ आवाज होतोय, वारा थांबला की सगळं पाणी सर्रकन निघून जातं आणि पुन्हा भरतं. मी सांगितलं की भोकांतून वारा आत शिरतोय, त्याचे ते बुडबुडे. पाणी आत चढतंय आणि बाहेर जातंय, तसंच ठरलंय. फोन चालू ठेवून आम्ही दोघांनी तीन झोत मोजले. तिसऱ्याला त्यांनी पट्टी लावली आणि म्हणाल्या, "कडेच्या खाली एक बोट राहिलं."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वही पाहिली. त्या तारखेपुढे लिहिलं होतं: नारळ वाकला. खिडकी उकळली. कट्टा कोरडा. समासात लाल पेनाने बरोबरची खूण.